आठाचा झाला सहा

आमचे हे मद्रासच्या तारघरात तारमास्तर. लांब-आखूड ठोक्यांची ती लिपी अंगात इतकी भिनलेली, की मी खलबत्त्यात मिरे कुटले तरी हे अक्षरं लावत बसायचे. भांडण झालं तर भांडी आपटायचीसुद्धा मला सोय नव्हती.

आमच्या तुळशीला चंद्रमौळीशी लग्न करायचं होतं. मुलगा आपल्यातलाच, तंजावरकडचा, पण मृदंग वाजवणारा. "मृदंगावर घर चालते काय?" म्हणून ह्यांनी विषय मिटवला. मी चूल बंद करायची धमकी दिली, तेव्हा कुठे एकदा त्याचा मृदंग ऐकायला कबूल झाले.

तुळशीही बापाकडून ती लिपी शिकलेली. तिने डाव रचला. शुभेच्छांच्या तारांत ठरीव वाक्यांना नंबर असत. लग्नाचा आशीर्वाद आठ नंबरचा: तीन लांब ठोके, दोन आखूड. मृदंगातून आठ ऐकला की अप्पा विरघळतील, अशी तिची खात्री.

रविवारी चंद्रमौळी टी. नगरला आमच्या घरी आला. ह्यांचा चेहरा बघूनच बिचाऱ्याला घाम फुटला. पहिला ठोका लांब आला, पुढचे चारही घाईत आखूडच पडले.

"सहा!" हे ताडकन उठले. "बाळ झाल्याबद्दल अभिनंदन! अय्यो, कुणाचं बाळ? तुळशी!"

माझ्या हातातली कॉफी सांडली. एवढी मी जन्मात घाबरले नव्हते.

"अप्पा, आठ होता तो!" तुळशी रडकुंडीला आली. "लग्नाचा! ह्यांचा हात चुकला!"

जीव भांड्यात पडला, पण आता ह्यांच्यातला तारमास्तर खवळला. "ह्याला आठ म्हणतात?" माझी रिकामी पितळी वाटी ओढून उपडी घातली नि चमच्याने ठोकलं. "लांब म्हणजे घुमू दे रे! घाई नक्को. हं, हा बघ आठ! हा पुन्हा आठ!"

तुळशीने चंद्रमौळीला उठवलं आणि दोघं ह्यांच्या पाया पडले.

"हे काय?"

"अप्पा, तुमची तार पोचली."

हे वाटीकडे बघत राहिले. मी विचारलं, "पाठवलेली तार परत घेता येते का हो?"

"नाही," हे पुटपुटले. मग चमचा पुढे करून म्हणाले, "बसा जावईबापू. तुमचा आठ अजून कच्चा आहे."