बिबट्याच्या पानाचे एकोणीस वाचक

माझं डोकं तापट आहे, हे आमच्या कोपरगावच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या सोमवारी सुरुवातीला मी अगदी शांतपणे बोलले होते, हे मात्र कुणी सांगत नाही.

आमची बातम्यांची वेबसाइट. मालक नृसिंह सर, कॉम्प्युटरचं सगळं बघणारा करण आणि मजकूर लिहिणारी मी, भार्गवी. गेल्या वर्षी मी साइटवर एक पान सुरू केलं, ‘बिबट्या आज कुठे?’ तालुक्यात ऊस चिक्कार आणि उसात बिबटेही चिक्कार. कुणाला दिसला की लोक मला कळवतात, मी वनखात्याकडून खात्री करते आणि जागा, वेळ पानावर टाकते. बस्स, एवढंच. ना फोटो, ना जाहिरात.

तर सोमवारी चारच्या मीटिंगमध्ये सरांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. साइटवरचं कुठलं पान किती वेळा बघितलं गेलं ते मोजणारं टूल उघडं होतं.

"काल बिबट्याच्या पानावर किती? एकोणीस. एकोणीस माणसांसाठी रोज दोन तास घालवतेस? आजच्या आज बंद कर."

"सर, कालचा आकडा अजून पुरा झालेला नाही. टूलला पक्की बेरीज करायला दोन दिवस लागतात. शनिवारचा बघा. काल सकाळी बावीस दाखवत होता, आज एकशे एकसष्ट आहे."

"तरी एकशे एकसष्टच ना! माझ्या वाढदिवसाच्या शुभेच्छांचं पान बघ. रोज चौदाशे. महिना झाला, अजून लोक येताहेत."

करणने मान खाली घातली. माझं टाळकं तिथेच सटकलं.

"लोक? कुठले लोक, सर? बाहेर रिसेप्शनच्या टीव्हीवर ते पान लावून ठेवलंय. दर अर्ध्या मिनिटाला ते आपोआप नव्याने उघडतं आणि टूल दर वेळी एक मोजतं. ऑफिस बारा तास उघडं असतं. करा गुणाकार."

"काहीतरीच काय!"

मी उठले, बाहेर गेले आणि टीव्हीचा प्लग खसकन ओढला. परत येऊन बसले. "गेल्या अर्ध्या तासात काय बघितलं गेलं, तेही टूल दाखवतं ना? मग थांबा अर्धा तास. मी इथून हलत नाही."

सरही हट्टाला पेटले. हाताची घडी घालून बसून राहिले.

मधल्या वेळात मी साळूबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. साळूबाई पाथर्डीकडून ऊसतोडीला आलेल्या. त्यांच्या टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कालव्याकाठी आहेत.

"साळूबाई, बिबट्याचं पान तुमच्यात कोण बघतं हो?"

"आमी समदीच की! सत्तर मानसं हाय आमी. पूजाच्या मोबाईलवर येतं, ती मोठ्यानं वाचती, मंग ठरवतो कुठल्या फडात शिरायचं. का वो ताई, बंद करतेत का काय? आसं नका करू बरं. आमाला दुसरं कोन सांगतंय?"

फोन ठेवून मी सरांकडे बघितलं. "सत्तर माणसं, एक मोबाईल. तुमच्या टूलमध्ये ती एकच."

करण चाचरत म्हणाला, "सर, पाचशे रुपयांत दहा हजार व्हिजिट मिळतात. टाकू का बिबट्याच्या पानावर? विषयच संपेल."

"खबरदार!" मी टेबलावर हात आपटला. "खोटे वाचक मला फुकटसुद्धा नकोत. एकोणीस तर एकोणीस, पण हाडामांसाचे."

इतक्यात वनरक्षक अजिनाथचा फोन आला. कालव्याकडच्या वस्तीशाळेजवळ बिबट्याची मादी दिसली होती. मी बसल्या जागी मोबाईलवरून पानावर चार ओळी टाकल्या, मग शाळेचा नंबर फिरवला. लागेना. त्या बाजूला रेंजच धड नाही. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच.

साडेचार वाजून गेल्यावर करणने टूल उघडलं. शुभेच्छांच्या पानापुढे शून्य होतं. बिबट्याच्या पानापुढे चौतीस. सरांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. त्यांचा चेहरा कसनुसा झाला आणि खरं सांगते, मला मनापासून बरं वाटलं.

पण मालक तो मालकच. "ठीक आहे, टीव्हीचं चुकलं असेल. जाहिरातवाले चौतीस बघून हसतील, त्याचं काय? बंद म्हणजे बंद. काढ ते पान."

"मी नाही काढणार."

"भार्गवी, नोकरीचा विचार कर."

"केला. घ्या नोकरी काढून. पण माझ्या हाताने ते पान जाणार नाही. हा घ्या माउस, तुम्हीच काढा. आणि काढण्याआधी वर काय लिहिलंय ते मोठ्याने वाचा."

मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. सरांनी चिडूनच वाचायला सुरुवात केली.

"सोमवार, चार वाजून वीस मिनिटं. कालव्याकडच्या वस्तीशाळेची वाट. मादी आणि दोन पिल्लं, अजून शेजारच्या उसातच. वनखात्याची गाडी निघाली आहे, पण पोहोचायला तास लागेल. पालकांनी मुलांना न्यायला स्वतः..."

ते थांबले. "शाळेला फोन केलास?"

"तुमच्यासमोर दोनदा केला. लागत नाही."

त्यांचं बोट माउसवरच होतं. आवाज मात्र उतरला होता. "किती पालकांनी वाचलं असेल हे?"

"ते बुधवारी कळेल, सर. शाळा पाचला सुटते."

सरांनी माउस सोडला आणि गाडीची किल्ली उचलली.