आहुप्याची गारंबी

देवराईतल्या गारंबीचं एक कोवळं पान तोडायचं, तर देवाचा कौल घ्यावा लागणार होता. वैजयंती पुण्यात वनस्पतींच्या जनुकांवर काम करायची. पण आहुपे तिच्या वडिलांचं, सावळेरामांचं गाव. गारंबीच्या त्या जाडजूड वेलावर बसवून त्यांनीच तिला झोके दिले होते. ते गेल्यावर ती इकडं फिरकलीच नव्हती.

चुलती लंकाबाईनं दारातच पाण्याचा तांब्या पुढं केला. "या, पावणं."

वैजयंतीनं तांब्या घेतला. "काकी, मी पावणी कधीपासून?"

लंकाबाईनं हसून तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली.

राईत पुजारी कुशाबानं देवाच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर होकार. सगळे बराच वेळ ताटकळले. पडलं ते डावं.

"देव न्हाई म्हणतोय, बाई," कुशाबा म्हणाला.

ती वेलाच्या बुंध्याशी मटकन बसली. लंकाबाई शेजारी टेकली. "असं काय हाये गं त्या पानात?"

"काकी, हा आपला कातळ कधीकाळी लाव्हा होऊन वाहत होता. त्याच सुमारास आभाळातून मोठा धोंडा पडला. ऊन दिसेना, हवा पार फिरली, कितीतरी झाडं कायमची गेली. काही झाडांचा आईबापांकडून आलेला जनुकांचा वारसा मात्र चुकून दुप्पट झालेला. एरवी ते ओझंच. पण वाईट दिवसांत ती तगली. गारंबीच्या पूर्वजांचंही तसंच झालं असेल आणि त्याची खूण या पानात असेल, असं वाटतंय मला."

लंकाबाई वेलावरून हात फिरवत राहिली. "तुझ्या बापाला ह्ये ऐकाया लई आवडलं असतं."

त्यांनी नाना प्रश्न विचारून भंडावलं असतं वैजयंतीला.

परतताना, राईची हद्द संपते तिथं, वेलाची एक फांदी ओढ्यापलीकडं उतरली होती. लंकाबाईनं तिचा शेंडा खुडून वैजयंतीच्या हातात दिला. "ही राईच्या भाईर आलीया. कुशाबा, हाये का काही हरकत?"

"तिकडचं गावाचं," कुशाबा म्हणाला.

गावाकडं भात पोटरीला येऊन कणसं धरायच्या बेतात होतं, तेव्हा पुण्यात निकाल हाती आला. खूण होती. वैजयंती काकीला फोन लावत राहिली, लागेना. संध्याकाळी काकीचाच आला. रेंजसाठी ती पार कड्यावर चढली होती.

"घावलं का?"

"घावलं, काकी."

पलीकडं वारा घोंगावत होता. लंकाबाई काहीतरी बोलली, त्यातला 'सावळेराम' एवढाच शब्द ऐकू आला आणि फोन तुटला.

वैजयंतीनं पुन्हा नंबर लावला.