निवडक गाण्यांची रेकॉर्ड घ्यावी का?

मित्रांनो, मी एक जुनी रेकॉर्ड आहे, आणि तीही निवडक गाण्यांची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना नाकं मुरडायची असतील त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावीत.

एक रॉक बँड होता. त्यांच्या पाच रेकॉर्डी निघाल्या, गाजल्या, मग आपसात भांडणं झाली आणि मंडळी पांगली. तेव्हा कंपनीने त्या पाचांतली लोकांच्या तोंडी बसलेली गाणी वेचली, मनाला येईल तशी पुढेमागे लावली आणि मला जन्माला घातलं. गरम काळ्या गोळ्यावर दोन बाजूंनी साचे दाबले गेले आणि माझ्या अंगभर बारीक रेघा उमटल्या. वर चकचकीत वेष्टन चढलं. मला वाटलं, आपल्यासारखी देखणी आपणच!

सुरुवातीला लोक माझ्या तालावर नाचलेही. पण खरे शौकीन माझ्या वाटेला जात नसत. पुढे माझ्या मालकाने घर बदललं आणि जाताना मला जुन्या रेकॉर्डींच्या दुकानात देऊन टाकलं. तिथल्या दुकानदाराला सगळे दादा म्हणत. माणूस लोण्यासारखा मऊ, पण माझ्या बाबतीत भारी कडक. कुणी मला हातात घेतलं की म्हणायचे, "ही कशाला? दुधाची तहान ताकावर!" मग गिऱ्हाईक मला परत ठेवायचं. खोटं कशाला बोलू, मला फार वाईट वाटायचं.

एका दुपारी एक शिवणकाम करणारी बाई आली. गळ्यातली मोजायची टेप काढायचीही तिला आठवण राहिली नव्हती.

"या बँडच्या पाचही रेकॉर्डी होत्या आमच्याकडे," ती म्हणाली. "माझे बाबा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, तेव्हा दिवसभर त्याच लावायचे. मी वेंधळी, पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवल्या आणि उन्हाने पार वाकड्या झाल्या. आता लकव्याच्या आजारपणापासून बाबा बोलतच नाहीत. डॉक्टर म्हणतात, वाचा येईल, पण त्यांनी प्रयत्न तर करायला हवा ना! म्हटलं, गाणी ऐकून तरी..."

दादांनी मान हलवली. "मूळच्या आत्ता नाहीत हो. ही आहे, पण ताई, घेऊ नका. क्रम पार विस्कटलाय हिचा. ज्याला मूळच्या पाठ आहेत, त्याला घासागणिक दाताखाली खडा आल्यासारखं होईल."

"असू द्या. काहीच नसण्यापेक्षा बरी," ती म्हणाली, आणि मला घरी घेऊन गेली.

बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. लेकीने मला लावलं आणि ती कापड बेतायला बसली. पहिलं गाणं सुरू झालं तशी बाबांची डाव्या हाताची बोटं हलू लागली. गाणं संपलं. त्या क्षणभराच्या शांततेत बाबांनी श्वास घेतला आणि पुढच्या गाण्याचा सूर लावला. फाटका, पण सूर! मूळ रेकॉर्डवर त्यानंतर येणाऱ्या गाण्याचा. वर्षानुवर्षं ऐकलेला क्रम त्यांच्या अंगात भिनला होता. आणि मी? मी भलतंच गाणं सुरू केलं.

बाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "न... नाही."

लेकीच्या हातातली कात्री गळून पडली. "बाबा! काय म्हणालात?"

"हे... नाही!"

त्या दिवशी मी गाण्यागणिक चुकले आणि चुकीगणिक बाबा माझ्यावर खेकसले. बोलणी खाऊन इतकं सुख मला कधी झालं नव्हतं.

पुढे दादा मूळची एक रेकॉर्ड मिळवून स्वतः घरी घेऊन आले. लेकीने ती लगेच लावली. प्रत्येक गाणं जागच्या जागी. बाबांनी डोळे मिटले, चेहरा निवला, आणि शेवटपर्यंत ते एक अक्षर बोलले नाहीत. सगळंच बरोबर असल्यावर बोलायचं कशाला? मी वेष्टनात पडून ऐकत होते. वाटलं, संपली आपली गरज.

लेक उठली आणि तिने मला बाहेर काढलं.

"अहो, आता ती कशाला?" दादा म्हणाले.

"जरा थांबा तर खरं."

पहिलं गाणं संपलं, दुसरं लागलं. बाबा चांगलेच तापले. दादांकडे वळून एकेक शब्द धुंडाळत म्हणाले, "ही... विकत... घेऊ नये... कुणी!"

"बाबा, मीही हेच सांगत होतो," दादा म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. लेक हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. "पुन्हा म्हणा ना, बाबा," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच. तुमच्या घरात कुणी गप्प झालं असेल, तर त्याच्याजवळ बसा, त्याला आवडीचं काही ऐकवा, आणि त्याने चूक काढली तर रागावू नका. आणि मला विकत घ्यावं का, असं कुणी विचारलंच, तर त्याला आमच्या घरी पाठवा. घेऊ नका, असं बाबा त्याला स्वतः सांगतील. हल्ली ते न अडखळता सांगतात.