ट्यूगे कारभाऱ्याचा चेहरा

शेतातले धोंडे वाहून आजोबा-पणजोबांनी बांधलेल्या त्या चर्चवर पूर्वी साधं लाकडी छत होतं. बोटिल्ड लहान असताना त्यात चिमण्या घरटी करायच्या. मग ते काढून विटांच्या कमानी चढल्या. खर्च ट्यूगे कारभाऱ्याचा, म्हणून वेदीवरच्या कमानीत मेरीमातेच्या पायाशी गुडघे टेकलेला ट्यूगे रंगवायचं ठरलं. चित्र टिकेल तोवर येणारा-जाणारा त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणार.

याच ट्यूगेच्या खोट्या साक्षीने बोटिल्डचा नवरा एस्बेन फासावर गेला होता. चोर ठरलेल्याला चर्चच्या आवारात मातीही मिळाली नाही, प्रार्थना तर दूरच. आणि ज्या ओल्या चुन्यावर चित्र रंगवायचं, तो मुरवणारी गावात एकच होती, बोटिल्ड.

"आज चेहरा!" परांचीवरून लाउरिड्स चितारी ओरडला. "बोटिल्डबाई, सगळ्यात जुना चुना द्या. कारभारी देखणे दिसले पाहिजेत."

"देखणे? मग चुन्याने भागायचं नाही, बाबा. चमत्कार लागेल."

गवंडी खो खो हसले.

तिने खड्ड्यातला वर्षभर मुरलेला चुना बादलीत घेतला. भट्टीत जास्त भाजले म्हणून फेकलेले खडे कुटून मूठभर त्यात कालवले. असले कण भिंतीत बसून सावकाश ओल पितात, फुगतात आणि फुटतात. आईने तिला आधी तेच निवडून टाकायला शिकवलं होतं.

"खरखरीत लागतोय हो, बाई," लाउरिड्स वरून म्हणाला.

"वाळू आहे. लाव."

ईस्टरला गाव जमलं, तर मेरीमाता टवटवीत आणि ट्यूगेच्या नाकाडोळ्यांच्या जागी खड्डे. प्रार्थना चालू असतानाच गालाचा पोपडा खाली उभ्या ट्यूगेच्या खांद्यावर पडला.

"देवाने नाकारलं," लोक कुजबुजले.

दुसऱ्या दिवशी ट्यूगे बोटिल्डच्या चुन्याच्या खड्ड्यापाशी आला. "पाद्री म्हणतो, देवाची करणी असेल तर पुन्हा रंगवू देणार नाही. बाई, चुना खराब होता एवढं सांग त्याला."

"आधी तुम्ही बोला. एस्बेनबद्दल. सगळ्यांसमोर. मग मी चुन्याचं खरं-खोटं सांगते."

"शपथ?"

"शपथ."

पुढच्या रविवारी चर्चमध्ये ट्यूगेने खोटी साक्ष कबूल केली. एस्बेनची हाडं आवारात आली, पाद्र्याने त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना म्हटली. मग सारे बोटिल्डकडे वळले. ट्यूगे आशेने पाहत होता.

"तीस वर्षं चुना मुरवतेय," ती म्हणाली. "इतका चांगला चुना माझ्या हातून कधी झाला नव्हता."