पाहुण्या पाणपिसवा

सोनपेठजवळ गोदावरीच्या एका बंधाऱ्यात बन्सीधर मासे धरायचा आणि त्याची लेक राजेश्री त्याच पाण्यातले किडे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तिनं प्राणीप्लवक हा विषय घेतला होता. डोळ्याला धड न दिसणारे हे जीव म्हणजे माशांच्या पिलांचा दूधभातच. लेक किड्यांवर शिकते याचं बापाला कोण कौतुक! दरसाल चार म्हाताऱ्यांना विचारून बंधाऱ्यात माशांची विकतची पिलं सोडणारा हा गडी यंदा लेकीच्या दारात उभा राहिला.

“राजे, सोडू का पिलं?”

राजेश्रीनं रेशमी जाळी पाण्यातून ओढली, कॉलेजात थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पाणपिसवांची, म्हणजे पिलांना सगळ्यात आवडणाऱ्या प्लवकांची, नुसती जत्रा भरली होती.

“सोडा आबा. लय खाणं हाय.”

तिथंच माती खाल्ली पोरीनं. वरच्या धरणातून तेव्हा पाणी सुटलेलं होतं. भरल्या पाण्यात नाव न्यायला सोपी, म्हणून तिनं मुद्दाम तेच दिवस साधले होते. त्या पाणपिसवा धरणातल्या, पाण्याबरोबर वाहत आलेल्या. चार दिवसांच्या पाहुण्या. त्यांनाच ती घरची समजून बसली.

धरणाचे दरवाजे बंद झाले. पाणी थांबलं, तापलं, गावच्या नाल्याची घाण त्यात साचली आणि डोह हिरवागार झाला. पाणपिसवा संपल्या. उरले ते घाणीतही तगणारे, पण पिलांचं पोट न भरणारे चक्रीजीव नावाचे बारीक प्लवक. पिलांना खायला मिळेना, श्वासही पुरेना. एके सकाळी सगळा काठ पांढऱ्या पोटांनी भरून गेला.

राजेश्रीनं रडत रडतच पुन्हा जाळी ओढली. मार्गदर्शक सरांनी दोन्ही नमुने शेजारी ठेवले आणि हरखून गेले. “वाहतं पाणी, साचलं पाणी! इतका स्पष्ट फरक नशिबानंच सापडतो हो!” प्रकल्प कॉलेजात पहिला आला. टाळ्या वाजल्या तेव्हा तिला स्वतःची किळस आली.

बन्सीधर तिला एका शब्दानं बोलला नाही. भावकीत कुणी पोरीचं नाव काढलं तर भांडायला उठायचा. मात्र बिनमाशाची जाळी वाळत टाकून तो दुसऱ्याच्या उसात मजुरीला जायला लागला.

निकाल सांगायला ती त्या उसाच्या बांधावर गेली.

“आबा, माजा पयला नंबर आला.”

त्यानं कोयता खाली ठेवला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला. चेहरा खरोखर उजळला होता.

“मंग पिलं वाया गेली न्हाईत, बाई.”

त्यानं थोबाडीत मारली असती तर तिला बरं वाटलं असतं.