पांढऱ्यावर पांढरं

"तुमचा फोटो काढून टाकला मी," असं म्हणून मुलीने कळ दाबली.

कुलूपवाल्याने हातातली कानस खाली ठेवली. दुकानाची वेबसाइट उघडली की सर्वांत आधी दिसायचा तो हाच भला मोठा फोटो, सन्मानचिन्ह छातीशी धरलेला.

"का? मी काय मेलोय?"

"तो उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं, बाबा. आणि पानाचं शीर्षक काय, तर ‘स्वागत आहे’! दाराबाहेर अडकलेला माणूस ‘कुलूप उघडून मिळेल’ असं शोधतो. स्वागत कोण शोधतंय?"

सकाळपासून ती गल्ल्यामागे ठाण मांडून बसली होती. शीर्षक बदललं, चित्रात छापलेला सगळा मजकूर नव्याने लिहून काढला, प्रत्येक फोटोला तो कशाचा आहे ते जोडलं. बाप मागे उभा राहून धुसफुसत होता. तिजोऱ्यांच्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण हल्ली दुकानात माश्या मारायची वेळ आली होती. असंच चाललं तर दुकान उठवावं लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं, तोंडाने मात्र कुणी म्हणत नव्हतं.

कुलूपवाला शोधला की सर्वांत वर यायचा काका. बापाचा धाकटा भाऊ. याच दुकानात शिकला आणि वाटण्यांत भांडण झाल्यावर नदीपलीकडे वेगळं दुकान थाटून बसला. तेव्हापासून बोलणं बंद. त्याचं पान उघडायचंसुद्धा नाही, असा घरचा दंडक होता आणि मुलीनेही तो आजवर निमूट पाळला होता.

"आता एक कर," बाप म्हणाला. "त्याच्या दुकानाचं नाव आपल्या पानाच्या तळाशी शंभरदा लिही. पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत. माणसाला दिसत नाही, शोधणाऱ्या यंत्राला दिसतं. शेजारचा छापखानेवाला सांगत होता. त्याला शोधणारे आपल्याकडे येतील."

"नाही लिहिणार."

"दुकान कुणाचं आहे?"

"दुकान तुमचं. पान मी लिहितेय. दुसऱ्याची पाटी चोरून आपल्या दारावर लावायची नाही मला. आणि चोरी पकडली गेली, तर शोधयादीत आहोत तिथूनही हाकलतील."

"अगदी काकाची पुतणी शोभतेस!"

"शोभतेच. या घरात मान तुकवायची रीत आहेच कुठे?"

तिला भयंकर राग आला होता. त्या रागातच तिने काकाचं पान उघडलं.

"बंद कर ते!"

"नाही करणार. तो वर का आहे, ते तरी बघू."

बापाने पाठ फिरवली. ती मोठ्याने वाचू लागली. साधंसुधं पान होतं. गाडीची किल्ली हरवली तर काय कराल, दाराचं कुलूप अडकलं तर काय कराल, असे एकेक प्रश्न आणि खाली सरळ उत्तरं. वाचता वाचता ती अडखळली.

"थांबलीस का?"

"‘तिजोरी उघडायची असेल तर माझ्याकडे येऊ नका. ते काम मला कधीच जमलं नाही. माझ्या थोरल्या भावाला फोन करा. त्याच्यासारखा कारागीर तुम्हाला मिळायचा नाही.’"

बाप वळला नाही. पाठमोराच म्हणाला, "मग कुणाचा फोन कसा आला नाही?"

मुलीने त्या ओळीखाली पाहिलं. "नंबर जुना आहे, बाबा. वाटण्यांच्या वेळचा. आपण बंद केलेला." तिने बापाकडे पाहिलं. "मी सांगू काकाला?"

"काही गरज नाही. उपकार नकोत मला कुणाचे."

त्याने फडक्याला हात पुसले. बोटं कधीच स्वच्छ झाली होती, तरी पुसतच राहिला. मग येऊन तिच्यासमोर हात पसरला.

"लाव. मीच बोलतो."

पलीकडे फोन उचलला गेला.

"नंबर चुकवून ठेवलायस तू माझा," नमस्कार नाही, चमत्कार नाही, बापाने थेट आवाज चढवला. "एवढंही धड जमत नाही तुला? घे लिहून."

 पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा, ड्रॉवर ओढल्याचा आवाज.

बापाने स्टूल पुढे ओढलं आणि त्यावर बैठक मारली.

"शोध पेन सावकाश," तो म्हणाला. "मी थांबलोय."