डोक्यावर कायबी घ्याचा नाय

"दाब. अजून जोरात," डॉक्टर म्हणाले, तशी गौराने त्यांची दोन बोटं उजव्या मुठीत आवळली. "पुरे पुरे," म्हणत डॉक्टरांनी बोटं सोडवून झटकली. दाराशी उभ्या असलेल्या तिच्या नवऱ्याचा, तुकाचा जीव भांड्यात पडला.

तीन महिन्यांपूर्वी याच मुठीतून भाकरीचा तुकडा गळून पडायचा. मानेतली गादी सरकून नस दाबली गेली होती. ऑपरेशन केलं की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, असं त्यांच्या गावात, पोशेऱ्यात जो तो सांगत होता. नाशिकला ऑपरेशनसाठी आत नेताना गौरा एवढंच म्हणाली होती, "हात नाय आला त मना घरी नको नेऊ." आज हात आला होता.

ते ऑपरेशन करणारे हेच डॉक्टर महिन्यातून एकदा जव्हारला येत. त्यांनी तिच्या मानेचा पट्टा काढला आणि व्रण पाहिला.

"केस किती कोरडे झालेत. तेल लावत नाही?"

"तुमीच बोलले, डोक्यावर कायबी घ्याचा नाय," गौरा म्हणाली. "मंग तेल नाय, फूल नाय. पदरबी नाय."

"माझा मोठा भाऊ दारात आला तरी हिचा डोका उघडा," तुका म्हणाला. "लोका बोलली, लाज नाशिकलाच ठेवून आली. मी सांगला, डाक्टरचा हुकूम हाय."

तीन महिन्यांत तिने घरसुद्धा एकदाही डोक्यावर घेतलं नव्हतं, पण तो फायदा तुकाने बोलून दाखवला नाही.

डॉक्टरांना हसू आवरेना. "अहो, मी ओझ्याचं म्हणालो होतो. पदराचं काय ओझं?"

गौराही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. तिने उजव्या हाताने तिथेच पदर डोक्यावर घेतला, नीट, कानामागून.

"मंग हंडा?"

"हंडा नाही, मोळी नाही. आता कधीच नाही."

तिने मान डोलावली. दहाव्या वर्षापासून ती विहिरीची चढण चढत आली होती, हंड्यावर कळशी, हात न लावता. वाईट वाटलं. एसटीत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

हे तीन महिने तात्पुरतं म्हणून तुका प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी आणायचा, दहादा टेकत. डोक्यावर हंडा घेणारा बाप्या गावात कोणी पाहिला नव्हता. त्या संध्याकाळी त्याने कॅन बाजूला सारला आणि हंडा उचलला.

"चुंबळ कशी वळतीस?"

गौराने जुन्या लुगड्याचा तुकडा वळून त्याच्या डोक्यावर ठेवला, जरा मागे सरकवला. "मान ताठ ठेव. खाली नको बघू."

विहिरीवरच्या बायका हसल्या, मग बाजूला सरकून त्यांनी त्याला वाट दिली. अर्धं पाणी अंगावर सांडून तुका परत आला. हंडा उतरवायला गौराचे हात पुढे झाले आणि आठवण होऊन मागे आले. हंडा त्यानेच खाली ठेवला.

ओली चुंबळ मात्र तिने काढून घेतली आणि घट्ट पिळली.